‘निगेटिव्ह’ म्हणजे जंतू नाहीत का?

प्रश्न : आईच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असे आले आहे. म्हणजे जंतू नाहीत ना? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कृपया तसे समजू नका, दंडगोलाकार जंतू सापडले आहेत, असा त्याचा अर्थ. डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचपट्टीवर जांभळा रंग व आयोडीन घालून ती अल्कोहोलने धुतात. पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकॅन या जाळीदार पदार्थाचा जाड थर असलेले जंतू जांभळेच राहतात, तर पातळ थराचे जंतू तो रंग सोडतात आणि नंतर घातलेल्या सॅफ्रॅनिन या लाल रंगाने गुलाबी दिसतात. या गुलाबी गटालाच ‘ग्रॅम निगेटिव्ह’ म्हणतात; त्याला बाहेरून आणखी एक पटल असते आणि व्हँकोमायसिनसारखे औषध सहसा ते ओलांडू शकत नाही. म्हणून घरात उरलेल्या गोळ्या आईंना देऊ नका; रिपोर्टमधील औषध-संवेदनशीलतेचा (कोणते औषध या जंतूंवर चालेल हे सांगणारा) तक्ता डॉक्टरांना आजच दाखवा.