शब्द अडतो तेव्हा

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बोलणं अडलेल्यांच्या घरच्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं.

आम्ही काळाराम मंदिराजवळ राहतो. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आल्यापासून ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण आरती अख्खी म्हणतात. मुद्दाम करतात का?

अजिबात नाही. शब्द शोधून वाक्य जुळवायचं काम बहुतेकांचा डावा मेंदू करतो. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याला जवळजवळ सगळं कळायचं, पण तोंडून ‘तान’ एवढंच निघायचं. मृत्यूनंतर पाहिलं तर इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात होती. आरती किंवा पाढे मात्र जुळवावे लागत नाहीत, एक शब्द पुढचा ओढून आणतो, आणि चालीला उजव्या मेंदूचा हात लागतो. शिव्यांचंही तेच. (एका सोवळ्या आजोबांच्या तोंडून महिनाभर शिवीच यायची. सूनबाई पाहुण्यांसमोर कानकोंडी!)

याचा उपयोग होतो. त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ताल धरा आणि ‘पा-णी दे’ चालीवर म्हणवून घ्या. बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमारास ही पद्धत बसवली गेली. सराव केलेली वाक्यं चांगली रुळतात, इतर बोलण्यावर मात्र फरक कमी पडतो.

वडील मूळ सटाण्याचे, नोकरी नाशिकरोडला. झटक्यापासून अहिराणीच बोलतात, मराठी अडखळते. मराठीचाच आग्रह धरायचा का?

‘माले पानी दे’ म्हणतात ना? मग पाणी द्या! दोन भाषा येणाऱ्यांच्या बहुधा दोन्ही बरोबरच सुधारतात, पण एखाद्याची एकच पुढे जाते. लहानपणची की रोजच्या वापरातली, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. घरात अहिराणी बोला. एका भाषेतल्या सरावाचा फायदा कधीकधी दुसरीलाही होतो.

वाचा येण्यासाठी गोळी आहे का?

खात्रीची अशी नाही. रक्त पातळ करणारी आणि बीपीची गोळी पुढचा झटका टाळण्यासाठी असते. ‘बोलणं तर येत नाही’ म्हणून ती परस्पर बंद करू नका.

यजमानांच्या झटक्याला सहा महिने झाले. आता जेवढं आलं तेवढंच, असं सगळे म्हणतात. मुलाने अंकलिपी आणली आहे.

अंकलिपी परत करा. तुमचे यजमान अक्षरशत्रू झालेले नाहीत, त्यांची शब्दांपर्यंतची वाट बुजली आहे. सुरुवातीला मेंदूची सूज उतरते, अर्धवट रक्त मिळणारा भाग सावरतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने फरक दिसतो. पुढे इजेच्या आसपासचा भाग आणि काही प्रमाणात उजवा मेंदू ते काम शिकतो. हे सावकाश होतं, पण वर्षानुवर्षं चालू राहतं.

परवा एका काकांपुढे चष्मा ठेवला. ते म्हणाले, “घड्याळ… नाही… ते…” हात डोळ्यांकडे गेला. मी विचारलं, “कुठे घालतात? कशाला लागतो?” “नाक… पेपर…” मग मी नुसतं “च…” म्हटलं, आणि “चष्मा!” असा निघाला की बाहेर बसलेल्या काकूंनी आत डोकावून पाहिलं. घरीही हाच क्रम ठेवा: आधी वस्तूबद्दल विचारा, मग पहिला आवाज द्या, पूर्ण शब्द अगदी शेवटी. टीव्ही बंद, बोलणारं एकच माणूस. आणि तुम्ही विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मीही कित्येकदा सातलाच तोंड उघडते.