शीटसोबत मदत फाईल द्यायचीय? आधी हे कर

भाऊ, रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी एक्सेल शीट केलीस, छान. आता ती कशी भरायची हे सांगणारी मदत फाईल बनवायचं सॉफ्टवेअर शोधण्यात आठवडा घालवू नकोस. आधी वर्डमध्ये दहाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिही: घडांचं वजन कुठे भरायचं, दांड्याचं कुठे वजा होतं. शीट भरणाऱ्यालाच वाचायला दे. तो जिथे अडेल, ते वाक्य बदल. मग पीडीएफ कर. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

शीटमधलं बटण दाबताच मदतीचं नेमकं पान उघडायला हवं असेल तरच सीएचएम, म्हणजे विंडोजमध्ये उघडणारी मदत फाईल. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं एचटीएमएल हेल्प वर्कशॉप हे जुनं साधन पुरायचं, पण मायक्रोसॉफ्टने त्याचं डाउनलोड आता बंद केलंय.

सुरुवातीच्या चुका:
- सीएचएमच्या आधीची जुनी एचएलपी मदत फाईल बनवणं. व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोजने ती सोडली.
- सीएचएम नेटवरून पाठवून मोकळं होणं. समोरच्याला पानं कोरी दिसू शकतात. फाईलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करायला सांग.