वाचकांचे प्रश्न: ॲमोनाइट साफ करताना घाई नको

मागच्या अंकात ॲमोनाइटवर चार ओळी काय लिहिल्या, आणि पंधरा दिवसांत इतके मेसेज आले की म्हटलं यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकू. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ॲमोनाइट म्हणजे समुद्रातल्या माकूळ-ऑक्टोपसच्या नात्यातला प्राणी, त्याला गोल वेटोळ्याचा शंख असायचा, आत कप्प्यांमागे कप्पे, प्राणी स्वतः सगळ्यात बाहेरच्या मोठ्या कप्प्यात राहायचा आणि मागच्या कप्प्यांतल्या हवेमुळे त्याला पाण्यात तरंगता यायचं. साधारण २० कोटी वर्षांपूर्वी हे खरे ॲमोनाइट आले आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबरच संपले. आता प्रश्न.

प्रश्न: होटगी रोडकडे विहिरीच्या खोदकामात गोल गोल दगड निघालेत, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. हे ॲमोनाइट आहेत का? सोलापूर जिल्ह्यात ॲमोनाइट कुठे मिळतील?

नाहीत. आणि आपल्या जिल्ह्यात मिळणार पण नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो म्हणजे तुमचे रविवार वाया जाणार नाहीत. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, त्यात समुद्रातला शंख कुठून येणार? तुम्हाला दिसले ते पापुद्रे म्हणजे बेसॉल्ट झिजण्याची पद्धत, भेगांमधून पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि आत गोल गाभा उरतो. माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी असा गोटा पिशवीत घालून आणतंच. फोडून बघितलात तर आत वेटोळं नसतं, कप्पे नसतात, नुसता तोच काळा दगड.

पण मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. हा लाव्हा जेव्हा वाहत होता, साधारण ५ लाख चौरस किलोमीटर भाग आजही त्याखाली आहे, तो काळ आणि जगातले शेवटचे ॲमोनाइट संपले तो काळ जवळजवळ एकच. म्हणजे आपण त्यांच्या शेवटाच्या दगडावरच घरं बांधून राहतोय. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यातल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळतात, नागपूरजवळ टाकळीचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण ते ॲमोनाइट नव्हेत.

ॲमोनाइट बघायचेच असतील तर कच्छ, जैसलमेर, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातला बाघचा परिसर, आणि तमिळनाडूत अरियलूर. आपल्याला सोलापूरहून चेन्नईची गाडी आहे, पुढे त्रिचीच्या लाइनवर अरियलूर स्टेशन लागतं, तिथे सिमेंटसाठी चुनखडी काढतात त्या खाणींच्या भागात समुद्राचे थर उघडे पडलेत. खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. अभयारण्यातून तर खडासुद्धा उचलायचा नाही, कच्छमध्ये अशा जागा बऱ्याच आहेत, आधी चौकशी करा.

प्रश्न: घरातल्या शहाबादी फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. जीवाश्म का?

नाही हो. ती मँगनीजची नक्षी, फरशीच्या फटीत खनिजाचं पाणी शिरून वाढलेली. शहाबादचा चुनखडक इतका जुना आहे की तेव्हा पानं पण नव्हती आणि शंख पण नव्हते. नक्षी मात्र सुंदर असते, घासून घालवू नका.

प्रश्न: भुजजवळ एका शेतकऱ्याने त्याच्या शेताच्या बांधावरचे चार गोटे आम्हाला घेऊ दिले, एकात वेटोळ्याची कड दिसते. यूट्यूबवर बघून एक गोटा बाथरूम क्लीनरमध्ये ठेवला, खूप फेस आला आणि कडेची नक्षी गेली. आता काय करू? उरलेले तीन कसे साफ करू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

आधी त्या पहिल्याचं बघू. क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, तुमचा दगड चुन्याचा, आतला ॲमोनाइट पण चुन्याचाच, ॲसिडला काय कळणार कुठला ठेवायचा आणि कुठला खायचा. गेलेली नक्षी परत येणार नाही. गोटा भरपूर पाण्यात टाका, त्यात दोन चमचे खायचा सोडा घाला, मग आठवडाभर रोज पाणी बदला, नाहीतर भेगांत राहिलेलं ॲसिड महिनोन्महिने आतून पोखरत राहील. व्हिनेगरचा पण हाच प्रकार, हळू होतो इतकंच. हात लावताना ग्लोव्ह्ज घाला.

आता उरलेले तीन. त्यांना आज काहीच करू नका. साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने माती काढा, सावलीत दोन दिवस वाळवा आणि मग संध्याकाळी टेबललॅम्प एका बाजूने तिरपा ठेवून नुसतं बघत बसा. उजेड तिरपा असला की बरगड्यांच्या, म्हणजे शंखावरच्या उंच रेघांच्या, सावल्या पडतात आणि वेटोळं दगडात कुठल्या दिशेने वळतंय ते कळायला लागतं. पेन्सिलने दगडावरच त्याचा अंदाजे गोल काढा. मी हे न करता एकदा थेट छिन्नी मारली होती, मला वाटलं ॲमोनाइट आडवा आहे, तो होता उभा, आणि छिन्नी बरोबर त्याच्या मधोमध गेली. ते दोन तुकडे अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, नवीन गोटा हातात घेतला की आधी ते काढून बघतो.

गोटा धरायला जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात वाळू भरा, दोन्ही तोंडं शिवून टाका, त्या उशीवर दगड हलत पण नाही आणि दणका पण बसत नाही. लांबची जाड खपली छोट्या छिन्नीने काढायची, छिन्नीचं तोंड ॲमोनाइटकडे कधीच नाही, नेहमी बाहेरच्या बाजूला. शंख आणि दगड यांच्यामधला सांधा बऱ्याचदा कच्चा असतो, नशीब चांगलं असेल तर तिथूनच खपली आपोआप सुटते आणि खाली स्वच्छ बरगड्या दिसतात. त्या क्षणासाठीच हा छंद आहे असं मला वाटतं, १६ कोटी वर्षांत त्या बरगडीवर उजेड पडलेला नसतो, आणि तो तुमच्या टेबललॅम्पचा पडतो.

शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला छिन्नी बंद. परदेशात यासाठी हवेवर चालणारं पेन वापरतात, कॉम्प्रेसरसकट ते महाग पडतं. पण आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालायचं ते घर्रर्र करणारं मशीन असतं ना, रुखवताच्या भांड्यांवर ज्याने नावं घालतात, तेच, त्याचं टोक दगडावर उत्तम चालतं. टोक उभं न धरता तिरपं धरा आणि बरगडीच्या दिशेनेच चालवा, आडवं नाही. स्ट्रोक सगळ्यात कमीवर. बरगड्यांच्या मधल्या खाचेत सुई, जाड शिवणाची सुई पेन्सिलीसारख्या लाकडी दांड्यात बसवलेली, आणि भिंग. कच्छमध्ये धोसा नावाचा खडकाचा थर आहे, त्यातला दगड असेल तर त्यात खसखशीएवढे तपकिरी गोल दाणे दिसतील, ते सुईने एकेक सुटतात, एका संध्याकाळी नखाएवढी जागा झाली तरी खूप झाली.

हे करताना एन-९५ मास्क आणि गॉगल लावायचाच, यात चर्चा नाही. दगडाची पूड फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. पंखा बंद, फडक्याने पूड ओली करून पुसायची, झाडायची नाही, आणि लहान मुलं असलेल्या खोलीत अजिबात नको.

तुटलं तर घाबरू नका, तुकडा शोधून आधी डबीत ठेवा, मग जागा कोरडी करून फेविक्विकचा एक थेंब. भुसभुशीत भाग असेल तर पॅरालॉइड बी-७२ नावाचे दाणे मिळतात, १०० मिली ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम विरघळवून ब्रशने लावायचे, म्युझियममध्ये हेच वापरतात कारण उद्या नको वाटलं तर ॲसिटोननेच परत निघतं. ॲसिटोन पटकन पेट घेतं, गॅस आणि देवघरातला दिवा लांब. खोबरेल तेल, वॉर्निश, चकाकणारं लॅकर काही लावू नका, दोन दिवस छान दिसतं आणि मग धूळ धरून काळं पडतं.

प्रश्न: आजेसासूबाईंचा शाळिग्राम माझ्याकडे आलाय. मुलगा म्हणतो हा ॲमोनाइट आहे, अर्धा कापून आत बघू या. काय करू? (एक काकू, पंढरपूर)

काकू, मुलगा बरोबर बोलतोय पण कापू देऊ नका. नेपाळात मुक्तिनाथच्या भागातून काली गंडकी वाहते, तिथे हिमालयात जुन्या समुद्राच्या तळाचा काळा शेल, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, वर आलाय, त्यातले गोटे नदी घासत घासत खाली आणते आणि त्यात ॲमोनाइटच्या बरगड्यांचे ठसे असतात, तेच आपलं चक्र. तुळशीच्या लग्नात आपण ज्याला पाटावर बसवतो तो एकेकाळी समुद्रात पोहत होता, यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखं काही आहे असं मला तरी वाटत नाही, उलट मला त्याच्यासमोर हात जास्तच जोडावेसे वाटतात.

खरा की बनवलेला ते भिंगातून कळतं. खऱ्यातली बरगडी एकसारखी नसते, बाहेर जाताना एकीच्या दोन होतात, वेटोळं आतून बाहेर हळूहळू रुंद होत जातं, कुठेतरी एखादी बाजू झिजलेली असते. साच्यातला असेल तर कडेला जोडाची रेघ दिसते. पंचामृताचा अभिषेक झाला की साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरड्या कपड्याने पुसा, दह्याचा आंबटपणा आणि ओल भेगेत राहायला नको. कधी कधी आत सोनेरी रेघ असते, ती पायराइटची, आणि पायराइट ओलीने बिघडतं. ते कसं, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न: प्रदर्शनातून सोनेरी ॲमोनाइट घेतला, बेडरूममधल्या काचेच्या कपाटात ठेवला. उन्हाळ्यात कूलर सुरू केल्यापासून त्याच्यावर पांढरी-पिवळी पूड येते, गंधकासारखा वास येतो. धुऊ का?

धुऊ नका! हा पायराइट म्हणजे लोह आणि गंधक, ओलसर हवेत त्याचं ॲसिड बनतं आणि तो आतून फुगून फुटतो. आपला एप्रिल-मे तसा खडखडीत कोरडा, पण पाण्याचा कूलर लावला की खोली दमट होते, कपाट कूलरसमोर असेल तर बघायलाच नको. त्याला आजच बाकीच्या संग्रहापासून वेगळा करा, पूड कोरड्या ब्रशने झटका, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या दर महिन्याला बदला. त्याच्याखालचा लेबलचा कागद पण बदला, ॲसिडने तो जळालेला असेल. झालेलं नुकसान भरत नाही, पुढचं थांबतं.

प्रश्न: वडील गेले, त्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा ॲमोनाइट मिळाला. कुठला ते माहीत नाही. साफ करून शोकेसमध्ये ठेवू का? (एक वाचक, बार्शी)

ठेवा, पण मागच्या बाजूला चिकटलेला दगड तसाच राहू द्या, निदान सुपारीएवढा. तो कुठल्या थरातला हे ओळखायचं तर तेवढाच पुरावा हातात आहे. ॲमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या म्हणून त्यांच्यावरून खडकाचं वय ठरवतात, पण त्यासाठी तो कुठून आला हे माहीत लागतं. विल्हेल्म वागेन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७३ ते १८७५ मध्ये कच्छच्या ॲमोनाइटवर मोठा ग्रंथ केला, तो आजही उघडला जातो कारण कुठला नमुना कुठल्या थरातला हे त्याने लिहून ठेवलं. दिसायला कितीही सुंदर असला तरी गाव माहीत नसलेला ॲमोनाइट अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही, याची मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

ते वर्तमानपत्र टाकू नका, त्यावर तारीख असेल, भाषा गुजराती आहे की तमिळ ते बघा. वडिलांची नोकरी कुठे कुठे झाली, कुठल्या ट्रिपला गेले होते, जुन्या फोटोंत काही दिसतं का बघा. तुमच्या आई आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना तो हातात देऊन विचारा, हा कधी आणला आठवतं का, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, आजच्या तारखेसकट, एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा.