सिरिंजच्या टोपणाचा रंग आधी पाहा

ताई, मुलीला कबड्डी खेळू द्यावी की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. परंतु मला उत्तराची सुरुवात तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या ओळीपासून करावी लागत आहे. दोन महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेह निघालेल्या तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीचे इन्सुलिनचे पेन कालपासून अडकले आहे, खानापुरात नवे मिळाले नाही म्हणून त्यातल्याच कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढून तुम्ही देत आहात, आणि तेव्हापासून तिची शुगर दोनदा ५४ पर्यंत उतरली, असे तुम्ही लिहिले आहे. पुढचा डोस देण्याआधी त्या सिरिंजवर ४० छापले आहे की १००, ते पाहा आणि ताबडतोब तिच्या डॉक्टरांना फोन करा. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट असते, तर पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या मिळतात: ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधले औषध १० च्या रेघेपर्यंत ओढले, तर शरीरात १० नव्हे, २५ युनिट जातात. उलट, बाटलीतले औषध नारिंगी सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत घेतले, तर चारच युनिट मिळतात आणि शुगर का उतरत नाही ते कोणालाच कळत नाही. शिवाय कार्ट्रिजमधून असे औषध ओढले की आत हवा शिरते, त्यामुळे ते पुन्हा पेनमध्ये घातल्यावर मापाचा भरवसा राहत नाही.

मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षक आहे. मात्र चौदाव्या वर्षापासून हा आजार सांभाळत आलो आहे आणि हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. २००९ साली निपाणीजवळच्या एका गावी मावसभावाचे लग्न होते. पेनचे बटण दाबले जाईना, म्हणून भाच्याला मेडिकलमध्ये पाठवून सिरिंज मागवल्या. त्या लाल टोपणाच्या होत्या. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि त्यानंतर लगेच पंगत, या हिशेबाने मी सव्वाबाराला १४ च्या रेघेपर्यंत औषध ओढून टोचून घेतले, म्हणजे प्रत्यक्षात ३५ युनिट. मंगलाष्टके संपत आली तेव्हा माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने तळहाताला चिकटून बसल्या होत्या आणि मूठ उघडायची असते हेच मला आठवत नव्हते. हा पिऊन आला आहे, असे शेजारच्या पाहुण्यांना वाटले. मावशीने ओळखले आणि मी शुद्धीवर होतो तोवर साखरेचे पाणी पाजले. मीटरवर आकडा ३१ आला. औषध अडीचपट गेलेले असल्याने साखर दिली की शुगर थोडी चढे आणि पुन्हा घसरे. संध्याकाळपर्यंत सलाइनमधून ग्लुकोज चालू ठेवावे लागले.

तो दिवस निभावला. खरे नुकसान त्यानंतर झाले. पुढच्या आठवड्यात ज्या दवाखान्यात मी दाखवायला गेलो, तिथे कोणत्या सिरिंजने, कशातून औषध घेतले, हे कोणीही विचारले नाही. "तुमचा डोस जास्त होतोय, कमी करा," एवढे सांगून दोन मिनिटांत मला उठवले. मी १४ चे ८ केले, आणि पुन्हा तसे होईल या धास्तीने पुढची दोन वर्षे शुगर मुद्दाम अडीचशेच्या वर ठेवली. त्या काळात मी एकट्याने प्रवास केला नाही, सहलीला मुलांबरोबर गेलो नाही, वारी सोडली. २०११ मध्ये हजेरीपट वाचताना नावांवर काळे धागे तरंगू लागले आणि डोळ्यांना लेझर करून घ्यावे लागले. मिरजेत एका परिचारिकेने मला त्या लग्नातला दिवस पहिल्यापासून सांगायला लावला आणि मधेच थांबवून विचारले, "टोपण लाल होतं की नारिंगी?" हा प्रश्न मला दोन वर्षे आधी कोणी विचारला असता, तर माझे डोळे वाचले असते, असे मी आजही मानतो. म्हणून माझे ठाम मत आहे की शुगर एकाएकी उतरली, तर डोस बदलण्याआधी तो कशाने मोजला गेला ते तपासावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगावे.

त्याच पेनचा दुसरा नग घरी ठेवा. डोस लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा, कारण आकड्यापुढचा इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. आपल्या सीमाभागात आणखी एक काळजी घ्यावी लागते: मराठी १ हा कन्नड किंवा इंग्रजी वाचणाऱ्याला इंग्रजी नऊसारखा दिसू शकतो, त्यामुळे शाळेसाठीच्या चिठ्ठीवर डोस अक्षरांतही लिहावा. वीज गेली तर वापरातले पेन मातीच्या ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवता येते. मात्र फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये.

आता कबड्डी. माप जुळले आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर तिला अवश्य खेळू द्या. वासीम अक्रमला हा आजार वयाच्या तिशीत, ऐन कारकिर्दीत झाला आणि त्यानंतर, २००३ च्या विश्वचषकात, त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. खेळण्याआधी शुगर पाहावी, आणि खेळाच्या दिवशी रात्री झोपतानाही पाहावी, कारण खेळाचा परिणाम कित्येक तासांनी, झोपेत दिसू शकतो. ग्लुकोजची पावडर दप्तरात नको, मैदानाच्या कडेला बाईंच्या हातात हवी. चॉकलेट चालणार नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मुलगी बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखान्यात न्यायचे, हेही बाईंना समक्ष सांगा. "जबाबदारी आमची नाही, असे लिहून द्या," असे शाळा तुम्हाला म्हणाली, हे वाचून एक शिक्षक म्हणून मला फार वाईट वाटले. तसे काहीही लिहून देऊ नका. त्याऐवजी डॉक्टरांच्या सहीचा एक कागद द्या, ज्यावर शुगर कितीला उतरली की काय द्यायचे आणि कोणाला फोन करायचा, एवढे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेले असेल.

डॉक्टरांशी बोलणे झाले की सिरिंजवर कोणता आकडा निघाला आणि मुलगी कशी आहे, ते कृपया कळवा. मी वाट पाहत आहे.