‘तू नव्हतास, तुला काय माहीत?’

जर्मनीतून एका वाचकाचं पत्र आलंय. मूळचे कोल्हापूरच्या राजारामपुरीतले. वडिलांना घरात सगळे दादा म्हणत, उद्यमनगरात त्यांचं दोन लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांचं, वर्कशॉप होतं. सहा वर्षं अल्झायमरनं काढली आणि गेल्या वर्षी गेले. आता वर्षश्राद्धाला हे सहकुटुंब येतायत. लिहितात, "मुलगी विचारते, आजोबा कसे होते? मला मात्र फोनच्या स्क्रीनवर ‘कोण हे?’ म्हणणारा माणूसच दिसतो. आधीची चाळीस वर्षं पुसून गेल्यासारखी झालीत. थोरल्या भावाशी विषय काढला तर म्हणाला, तू नव्हतास, तुला काय माहीत?"

भावाच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण घोडं तिथंच अडलंय.

तो खोटं बोलत नाहीये. दादांना आंघोळ घालणं, रात्री तीनला दाराची कडी काढताना त्यांना धरणं, जेवून उठल्या उठल्या "मला कुणी जेवायला देत नाही" हे शेजाऱ्यांच्या देखत ऐकून घेणं, हे त्यानं आणि तुमच्या वहिनींनी केलंय. तुम्ही वर्षातून एकदा यायचात, दर वेळी दादा दोन पायऱ्या खाली उतरलेले दिसायचे. त्याला ती घसरण रोज थोडी थोडी दिसत होती. पण एक गोष्ट तो बोलत नाही. धडधाकट दादा त्याच्याही हातून सुटलेत. आमचे मामंजी गेले तेव्हा वर्षभर मला त्यांच्या गोळ्यांच्या वेळाच आठवत होत्या, माणूस नाही. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. "शेवटची वर्षं तू सांग, मी ऐकतो" एवढंच म्हणा आणि खरंच ऐका. मधे "आम्ही तिकडून पैसे पाठवत होतो" हे वाक्य येऊ देऊ नका, खरं असलं तरी.

आता तो ‘कोण हे?’. तुम्ही लिहिलंय, ऑफिस सुटल्यावर पाचला फोन करायचो. तुमच्याकडचे पाच म्हणजे इथले उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. या आजारात बऱ्याच जणांची दिवस कलल्यावर घालमेल वाढते. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" सुरू होतं. त्यात हातभर लांब धरलेल्या फोनवरचा सपाट, हलणारा चेहरा. शिवाय अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या त्यामानानं टिकतात. दादा १९५९ साली श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले ते सांगायचे, असं तुम्हीच लिहिलंय. त्या माणसाच्या लेखी तुम्ही सातवीतला पोरगा असाल, तर टक्कल पडलेला चष्मेवाला गृहस्थ त्यांनी ओळखायचा कसा? त्यांनी तुम्हाला मनातून काढून टाकलं, असा त्याचा अर्थ लावू नका.

मुलीला काय सांगायचं? वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत येतात ते शब्द नकोत: प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू. कोल्हापुरातल्या प्रत्येक फ्लेक्सवरचा माणूस प्रेमळ आणि मनमिळाऊच असतो. त्यात तुमचे दादा कुठं सापडायचे? जे आले असतील त्यांना "दादा कसे होते?" असं विचारूही नका, हेच तीन शब्द परत येतील. बारीक विचारा. आत्याला विचारा, लहानपणी मार कशावरून खाल्ला? आईला विचारा, लग्नानंतर पहिलं भांडण कशावरून झालं? वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना विचारा, जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा नग, बिघडला की दादा काय म्हणायचे? शिवी असेल तर शिवीसकट ऐका. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, पण फोन उलटा टेबलावर असू दे. कॅमेरा समोर दिसला की लोक भाषण ठोकतात. जुने फोटो काढाल तेव्हा प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहून घ्या. ती ओळखणारी माणसंही आता सत्तरी-ऐंशीतली आहेत.

आणि आजार गाळू नका. बरेच जण तो झाकून ‘चांगले’ दादा तेवढे सांगतात. मग मुलीनं स्वतः जे पाहिलंय, त्याचं तिनं काय करायचं? तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. शेवटच्या वर्षी दादा पाण्याचा स्टीलचा पेला हातात घेऊन त्याच्या काठावरून अंगठा फिरवत बसायचे, पाणी प्यायचे नाहीत आणि वहिनी वैतागायच्या. अहो, लेथवरून उतरलेल्या जॉबची कड माणूस अशीच बघतो, कुठं ‘बर’, म्हणजे धातूची खरखरीत कूस, राहिलीय का म्हणून. नावं गेली, गल्ली गेली, पण हाताला चाळीस वर्षं लागलेली सवय मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि ती बराच काळ टिकते. लेकीच्या हातात तोच पेला द्या आणि अंगठा फिरवायला सांगा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर एक प्रश्न दबा धरून बसलाय: मलाही होईल का? एकाच जनुकातून थेट येणारा प्रकार अगदी मोजक्या घराण्यांत असतो आणि तो बहुधा साठीच्या आतच गाठतो. दादांना सत्तरीनंतर सुरू झाला. वडिलांना होता म्हणून तुमचा धोका थोडा वाढतो, होणारच असं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्याबरोबर कमी ऐकू येणंही आहे. दादांचे कान वर्कशॉपच्या आवाजात गेले होते म्हणता, तर तुमचे एकदा तपासून घ्या. बाकीचं तिथल्या डॉक्टरांना विचारा.

शेवटचं वहिनींबद्दल. चॉकलेटांची बॅग आणालच, आणा. पण श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाला माणूस लावा, पैसे तुम्ही द्या आणि वहिनींना बाहेर, माणसांत बसवा. दादांच्या सहा वर्षांतल्या गोष्टी सगळ्यांत जास्त त्यांच्याकडं आहेत, आणि आजवर त्या कुणी विचारलेल्या नाहीत.

मिस्त्रींना मात्र सकाळी लवकर गाठा. अठ्ठ्याहत्तरीतही ते दहाला कामावर जातात, असं तुम्हीच लिहिलंय.