कॅल्विनची ‘निवड’: प्रारब्ध म्हणावं, नियती की दैव?

इंदूरच्या एका ताई तिथल्या ख्रिश्चन कॉलेजच्या सुरुवातीच्या दिवसांवर मराठीत लिहीत आहेत. मिशनऱ्यांच्या श्रद्धेपाशी येऊन त्यांचं लिखाण अडलंय. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याच्या शिकवणीप्रमाणे कोणाचं तारण (पापातून सुटका) व्हायचं हे देवाने जग निर्माण होण्याआधीच ठरवून टाकलंय. त्या विचारतात: ‘याला मराठीत प्रारब्ध म्हणू, नियती म्हणू की दैव? आणि देवाच्या या निवडीला इंग्रजीत इलेक्शन म्हणतात, त्याला निवडणूक लिहिलं तर घरातले हसतात.’

घरातल्यांचं बरोबर आहे. हिंदीतला ‘चुनाव’ मतपेटीलाही चालतो आणि पसंतीलाही. मराठीने ही कामं वाटून घेतली आहेत: मतदानाची ती निवडणूक, बाकी सगळी निवड. इंदुरात वाढलेल्या आपल्या कानांत चुनाव इतका मुरलाय की हा फरक सहज निसटतो.

आता प्रारब्ध. हा शब्द मला या जागी सर्वांत घातक वाटतो, कारण तो ओळखीचा आहे. संचित कर्मातला जो भाग फळ द्यायला लागला ते प्रारब्ध, म्हणजे मुळाशी करणी माझीच, या जन्मीची नाही तर मागच्या जन्मीची. कॅल्विनचं (१५०९–१५६४) म्हणणं नेमकं उलट आहे. देव ज्याला निवडतो त्याची करणी पाहून निवडत नाही. पुढे हा चांगला वागेल, विश्वास ठेवील, हे आधीच दिसलं म्हणूनही निवडत नाही. याच मुद्द्यावर हॉलंडमध्ये आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांशी वाद पेटला आणि १६१८–१९ मध्ये डॉर्ट इथे धर्मसभा भरली. आर्मिनियसवाद्यांचं म्हणणं होतं की पुढे कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच ठाऊक असतं आणि त्यावरून तो निवडतो. डॉर्टने ते फेटाळलं. ‘प्रारब्ध’ लिहिलंत तर वाचकाला यातलं काहीच कळणार नाही. उलट नाकारलेली गोष्टच मागच्या दाराने आत येईल.

नियतीला कर्ता नसतो. ती चाकासारखी फिरते, तिला कोणाविषयी काही वाटत नाही. स्टोइकांच्या (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या एका पंथाच्या) नियतीशी आपली गाठ घालू नका, असं कॅल्विन स्वतःच बजावतो. दैवात ‘देव’ आहे खरा, पण बोलण्यात त्याचं नशीबच झालंय. शिवाय ‘दैव देतं नि कर्म नेतं’ ही म्हण आर्मिनियसच्या बाजूची! मिळालेली कृपा माणूस घालवू शकतो असं कॅल्विनवादी मानत नाहीत. त्यांना ‘देव तारी त्याला कोण मारी’ जास्त मानवेल. विधिलिखितात लिहिणारा कोणीतरी आहे, एवढं बरं. पण सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री, म्हणजे बाळ जन्मल्यावर कपाळावर लिहिते. इथला निर्णय जगाच्या पायाभरणीआधीचा आहे.

आपल्याकडे या कल्पनेच्या खरोखर जवळ जाणारं वाक्य कठोपनिषदात आहे: ‘यमेवैष वृणुते तेन लभ्यः’. प्रवचनाने, बुद्धीने, पुष्कळ ऐकून तो (आत्मा) मिळत नाही. तो ज्याला वरतो त्यालाच मिळतो. शंकराचार्य याचा अर्थ वेगळा लावतात, पण रामानुजांनी तो परमात्म्याच्या पसंतीकडे नेला. मध्वाचार्यांचे मुक्तियोग्य (मोक्षाला पात्र), नित्यसंसारी (कायम संसारात फिरणारे) आणि तमोयोग्य (अंधारात जाणारे) जीव पाहून तर कॅल्विनच आठवतो. पण मध्वांकडे ती योग्यता जीवाच्या स्वभावातच असते. कॅल्विनकडे निवडलेल्यात आणि न निवडलेल्यात मुळात काडीचा फरक नाही. फरक करते ती देवाची इच्छा. म्हणून ‘वरण’ सुंदर असलं तरी मी सुचवणार नाही. आज ते वाचून कोणाला आमटीआधीचं वरणच आठवेल.

तेव्हा साधी ‘निवड’च घ्या. फक्त क्रियापद जपून वापरा, कारण मराठीत निवडणे दोन दिशांनी चालतं. साडी निवडली तर निवडलेली घरी येते. तांदूळ निवडले तर हाताला लागतात ते खडे, आणि ते फेकले जातात. गंमत म्हणजे वादही नेमका इथेच आहे: देव काहींना घेतो, पण उरलेल्यांना फेकतो की नुसतं वगळतो? कॅल्विन दोन्ही बाजूंबद्दल उघड बोलला, नाशाकडे नेमलेल्यांबद्दलसुद्धा. डॉर्टची भाषा वगळण्याची आहे: त्यांना त्यांच्याच पापात राहू दिलं. म्हणून ‘निवडून काढले’ नको आणि ‘निवडून आले’ तर नकोच. त्यात उमेदवाराचा पराक्रम येतो. ‘निवडून घेतले’ म्हणा. बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांच्या पत्रातलं मूळ ग्रीक क्रियापदही ‘स्वतःसाठी निवडणे’ अशा रूपात आहे, आणि आपलं ‘घेणे’ ते काम बिनबोभाट करतं.

प्रिडेस्टिनेशनला, म्हणजे देवाने आधीच ठरवून ठेवण्याला, ‘पूर्वनियोजन’ मला रुचत नाही. वर्तमानपत्रांनी तो शब्द कटांना देऊन टाकलाय. हिंदी बायबलमध्ये ‘पहले से ठहराया’ आहे, आणि आपलं ‘ठरवले’ त्याला जवळचं. तरी ‘नेमले’ सरस, कारण गोष्ट ठरवतात, माणसाला नेमतात, आणि कशासाठी तरी नेमतात. नाम हवंच असेल तर ‘पूर्वनिवड’ लिहा. पण शक्यतो ‘देवाने आधीच नेमून ठेवले’ असं पूर्ण वाक्यच वापरा, म्हणजे कर्ता हरवत नाही.

कर्ता हरवणं ही इथली मोठी अडचण आहे. सगळं देवानेच ठरवलं तर माणूस बाहुलं झाला, असं पटकन लिहिलं जातं. कॅल्विन तसं म्हणत नाही. पतित माणूस पाप अटळपणे करतो, पण बळजबरीने नाही. त्याला तेच हवं असतं, म्हणून दोषही त्याचाच. १६४६ मध्ये पूर्ण झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामाही (श्रद्धेची कलमं मांडणारा दस्तऐवज) सांगतो की देवाच्या ठरावाने माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. मराठी इथे आपल्याला मोहात पाडते. ‘माझ्या हातून पाप घडलं’ म्हटलं की हात माझा, पण मी मात्र जरा बाजूला! ‘पाप करावं लागलं’ हे त्याहून सोयीचं. कॅल्विनच्या तोंडी फक्त ‘मी पाप केलं’ शोभेल. विश्वासाचं मात्र उलटं: ‘मी विश्वास मिळवला’ नाही, ‘मला विश्वास लाभला’. पापाला ‘मी’ आणि विश्वासाला ‘मला’, एवढं सांभाळलंत तर पान-दोन पानांचं स्पष्टीकरण वाचेल.

‘तारण’ बिनदिक्कत वापरा. बँकेत त्याचा अर्थ गहाण असला तरी मराठी ख्रिस्ती लोकांचा तो रुळलेला शब्द आहे. ‘मोक्ष’ टाळा, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा इथला विषयच नाही.

शब्दाबाहेरचं एक सांगतो. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये माळव्यात आलं आणि कॉलेज १८८७ चं. प्रेस्बिटेरियन म्हणजे वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा मानणारे, हे खरं. पण त्याच सुमारास, १८७९ मध्ये, स्कॉटलंडच्या युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने देवाच्या ठरावाविषयीची कलमं कशी समजून घ्यायची याचा खुलासा प्रसिद्ध केला होता. देवाचं प्रेम सर्व माणसांवर आहे हे त्यात ठसवलं होतं. तेव्हा प्रत्येक मिशनरी कडक कॅल्विनवादीच होता असं लिहू नका. ‘त्यांच्या चर्चच्या विश्वासनाम्यानुसार’ एवढे शब्द वाक्याच्या आधी घाला.