कोलोरॅडोत जानेवारीत फ्लाय फिशिंग जमतं का? पहाटे किती वाजता पोहोचावं?

प्रश्न असा: ‘डेनव्हरला नवीन आलोय. जानेवारीत डोंगरातल्या नदीवर ट्राउट मिळतो का? पहाटे किती वाजता पोहोचावं, आणि वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) कोणता घ्यावा?’

मिळतो. पण ‘पहाटे’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. आमच्या ग्रुपात या एका शब्दावरून इतकी भांडणं झालीत की आता तो विषय काढायचा नाही असं ठरलंय. इथे काढतो.

पहाटे जाऊ नका. चहा-पोहे आटपा, अकराला पाण्यात उतरा, तीनला बाहेर या. गावच्या नदीवर उजाडताना गळ टाकायचा असतो हे मान्य, पण ते कोमट पाण्याचं गणित आहे. ट्राउटच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की त्याचं पचन मंदावतं, भूक जाते, आणि तो संथ डोहाच्या तळाला जाऊन बसतो. दुपारी पाणी अंश-दीड अंशाने वर चढलं की तोच मासा तोंड उघडतो. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा, घड्याळापेक्षा तो उपयोगी.

धरण नसलेल्या नदीवर तर सकाळ साफ वाया. निरभ्र रात्री उघडं पाणी शून्याच्या किंचित खाली जातं, त्यात बर्फाचे बारीक कण धरतात आणि तळाच्या गोट्यांना चिकटतात. काठावरून तळ पिंजलेल्या कापसासारखा पांढुरका दिसतो. ऊन पडलं की हा थर सुटतो आणि नदीभर गोळेवाल्याच्या किसासारखा लगदा वाहू लागतो. फ्लाय (गळावर दोरा-पिसं गुंडाळून केलेला नकली किडा) तळापर्यंत पोहोचतच नाही, इंडिकेटर (दोरीवरचा तरंगता गोळा) लगद्याबरोबर निघून जातो. पहाटवाले या वेळात नक्की काय करतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून हिवाळ्यात धरणाखालचं पाणी धरा. पाणी ४ अंशांला सर्वांत जड असतं, त्यामुळे खोल जलाशयाच्या तळाशी थंडीतही साधारण तेवढं तापमान टिकतं. तेच पाणी खाली सोडलं की पुढचे काही मैल नदी उघडी राहते. डेनव्हरहून साउथ प्लॅट नदीवर चीझमन धरणाखालची घळ आणि त्याखालचं डेकर्स ही सोयीची ठिकाणं. घळीतली पायवाट सावलीत असते, तिच्यावर बर्फ घट्ट बसतो. बुटांवर चढवायचे काटे न्या.

माशाला या दिवसांत मुख्यतः मिज मिळतो, डासाएवढा किडा. लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता पारदर्शक दोरा) ९ फुटी, टिपेट (त्याच्या पुढचा सर्वांत बारीक दोरा) ६एक्स जाडीचा. वर २० नंबरची लाल अळीसारखी फ्लाय, तिच्याखाली ४०-४५ सेंटिमीटरवर २२ किंवा २४ नंबरची काळ्या कोषासारखी (नंबर मोठा तितका गळ बारीक). अळीच्या वर वीतभर अंतरावर बारीक शिसं. इंडिकेटर खोलीच्या दीडपट अंतरावर. थंडीतला मासा घासासाठी वीतभरही सरकत नाही. फ्लाय त्याच्या तोंडासमोरून, प्रवाहाच्याच वेगाने जायला हवी. एकाच धारेत वीस वेळा टाका, दर वेळी वीतभर बाजूला. इंडिकेटर बुडत नाही, क्षणभर थबकतो. तेवढ्यावर रॉड उचला.

लाइन ज्यांतून जाते त्या रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, तो बोटांनी तोडू नका. कडं वाकतं नाहीतर आतली रिंग निखळते. टोक पाण्यात बुडवून धरा, वितळतो. लाइन सारखी आत-बाहेर ओढली की ओली लाइन कड्यांतून जाते आणि तिथेच गोठते, म्हणून लांबी एकदा ठरवा आणि तेवढ्यावरच खेळा. तेनकारा या जपानी पद्धतीच्या काठीला कडीच नसतात, थंडीत मला तीच बरी वाटते.

वेडर कुठल्याही कंपनीचा घ्या. आत लोकरीचं किंवा फ्लीसचं, सुती काहीही नको. बूट एक साइज मोठे. दोन-तीन मोजे कोंबले की रक्त अडतं आणि पाय आणखी गारठतात. फेल्टच्या तळव्याला बर्फाचे गोळे चिकटतात, रबरी तळवा आणि खिळे बरे. कमरेचा पट्टा घट्ट आवळा. काठाच्या बर्फावर उभं राहू नका, खालून तो पोकळ असतो.

आता पहाटवाल्यांच्या बाजूनं एक कबुली: धरणाच्या अगदी पायथ्याशी पाणी दिवसभर जवळपास सारखंच असतं, तिथे नऊलाही मासा लागतो. कडी गोठलेली असतील, एवढंच.

डोह संपतो तिथे गोट्यांत धुतल्यासारखा उजळ, लांबट खड्डा दिसला तर त्यात पाय घालू नका. ब्राउन ट्राउट शरदात अंडी घालतो, ती तिथेच खडीत असतात. हवा शून्याखाली असेल तर मासा पाण्याबाहेर काढून फोटो नको, कल्ले गोठतात. हातमोजा काढा, हात ओला करा, जाळीतच गळ सोडवा.

कोलोरॅडोचं वार्षिक लायसन्स काढण्याआधी त्याची मुदत कधी संपते ते बघा. एकदाच जाणार असाल तर सध्या एका दिवसाचंच काढा.